सदुसष्ट टक्क्यांवर

येरवडा
२१ जानेवारी २०२६

ती. ताईस, विशूचा नमस्कार.

मी बरा आहे. पाठ सुजली आहे, पण तो मार इथला नाही, केडगावच्या बाजारपेठेतला आहे. रोहिदासला सोडवायला आलेल्या सात-आठ जणांनी मला धरून चांगला धुतला. त्यांच्यावर माझा राग नाही, मीही तेच केलं असतं. इथं फोनवर पाच मिनिटं मिळतात आणि मागं रांग उभी असते, म्हणून लिहितोय. लोकांच्या तोंडून तू काय काय ऐकलं असशील. आता माझ्याकडून ऐक.

नऊ तारखेला गुऱ्हाळावर झालं ते मी पाहिलंय, तू पाहिलेलं नाहीस. ज्ञानूकाका चरकात ऊस घालत होता. वीस वर्षं तोच घालतो. आप्पा स्टार्टरपाशी खुर्ची टाकून बसलेले, तोंड उकळत्या रसाच्या काहिलीकडं, पाठ चरकाकडं. काही अडकलं की ज्ञानूकाकानं हाक द्यायची आणि आप्पांनी लाल बटण दाबायचं, ही आपली पहिल्यापासूनची पद्धत. त्या दिवशी उसाबरोबर ज्ञानूकाकाच्या स्वेटरची बाही आत गेली. मी चिपाडाच्या गंजीपाशी होतो, शंभर पावलांवर. मला त्याची हाक ऐकू आली. आप्पा दहा फुटांवर होते आणि निवांत काहिलीकडं बघत होते. मी धावत येऊन बटण दाबेपर्यंत कोपरापर्यंत हात गेला होता. टाकीत रस लाल पडत होता. तेव्हापासून मला गोड काही तोंडात घालवत नाही.

आता हे का झालं ते सांगतो. आप्पा कानाचं मशीन लावायला मेले तरी तयार नव्हते, सोसायटीचा जुना संचालक बहिरा झाला असं खुटबाव गावानं म्हणायला नको. मग तू ते इअरबड आणून दिलेस, बाहेरचा आवाज मोठा करून कानात सोडणारे, आणि ते मात्र त्यांनी खुशीनं घातले. पारावर लोक विचारायचे, "सोपानराव, कंचं गानं लावलंय?" आणि ते नुसते हसायचे. दोन महिने सगळं झकास चाललं. मग त्या कंपनीला अपडेटची उबळ आली. सप्टेंबरात एकदा टिचकी मारायची ती तीनदा मारायची झाली, आणि आप्पांच्या जाड बोटानं थेट सोसायटीच्या सचिवाला फोन लागला. आप्पा तेव्हा त्यालाच शिव्या घालत होते. नंतरच्या अपडेटला कुणी बाई कानात इंग्रजी बोलायला लागली. चांगल्या चाललेल्या वस्तूत बोट घालायला यांना कोण सांगतं?

अपघाताच्या दिवशी आप्पांच्या खिशात केडगावच्या रोहिदास मोबाइलवाल्याच्या दुकानाची चिठ्ठी सापडली. सात तारखेला इअरबड त्याच्याकडं दिलेले, आठला परत घेतलेले. म्हणजे त्यानं अपडेट मारला, बाहेरचा आवाज बंद पडला, आणि दुसऱ्या दिवशी ज्ञानूकाकाचा हात गेला. यात विचार करण्यासारखं काय राहिलं?

दहा तारखेला सकाळी तो दुकान उघडत असताना गेलो. ट्रॅक्टरमधली लोखंडी टॉमी बरोबर होती. पहिला तडाखा काउंटरच्या काचेवर, दुसरा त्याच्या खांद्यावर, तिसरा तोंडावर. तो हात पुढं करून काहीतरी सांगत होता, पण मी ऐकायला गेलो नव्हतो. जबडा मोडला. दोन दात माझ्या बुटापाशी येऊन पडले. डाव्या डोळ्याचं काय होतंय ते डॉक्टर बघतायत म्हणे. मला पश्चात्ताप नाही, ताई. खोटं कशाला लिहू?

बारा मार्चला जामिनाची सुनावणी आहे. जामीनदार म्हणून तुझी सही लागेल. करिश्मा दिवाळीच्या पाडव्यापासून भांडगावला माहेरी बसली आहे, तिचं नाव काढू नकोस. आणि सार्थकदाजींना सांग, कंपनीकडून लेखी आणा की आठ जानेवारीला अपडेट झाला आणि त्यानंच आवाज गेला. वकील म्हणतात तेवढ्यानं केस पालटेल. आप्पांना जप.

तुझा
विशू


शिरूर
२९ जानेवारी २०२६

विशू,

तुझं पत्र वाचून आधी तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटली, मग त्या कंपनीच्या. बुटापाशी दात पडले हे लिहायला तुझा हात कसा धजला? मोठी बहीण आहे मी तुझी, तमाशाला आलेली नाही.

तरी सांगते, रागानं मीही पेटले आहे. ज्ञानूकाकाला भेटून आले. कोपराखाली काही नाही, नुसतं बँडेज. त्याचं मला एकच वाक्य सारखं ऐकू येतं. म्हणाला, "आनू, म्या तीनदा हाक दिली. आप्पांच्या कानात ती बटनं व्हती, मला वाटलं ऐकत्यात." मला तिथं थांबवलं नाही. ते इअरबड मीच आणले होते.

तू आत गेल्यावर चौथ्या दिवशी ज्ञानूकाकाचे पुतणे गुऱ्हाळावर आले. काहिलीला पहारीनं भोकं पाडली, चिपाडाची गंजी पेटवली, गूळ रांधणारा गुळव्या मध्ये पडला तर त्याची बरगडी मोडली. आप्पा म्हणे बाजूला उभे राहून बघत होते, हलले नाहीत. एकानं त्यांच्या कानातले इअरबड उपटून काहिलीखालच्या चुलवाणात फेकले तेव्हाही नाही. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना शिरूरला घेऊन आले. इथं गॅलरीत बसून असतात. काही विचारायचं तर मी कागदावर लिहून पुढं करते. ते वाचतात आणि कागद घडी करून परत देतात.

कंपनीचं म्हणशील तर हे रांजणगावच्या कारखान्यातून आले की रोज तासभर त्यातच जातो. फोन केला की बाई म्हणते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि गाणं लावून जाते. चॅटवर गेलो तर म्हणे दोन्ही इअरबड डबीत ठेवा, दहा सेकंद बटण दाबा, रीसेट करा. मी त्याला लिहिलं की अहो, माणसाचा हात गेलाय. तो म्हणाला, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपण रीसेट करून पाहिलं का? तो समोर असता तर मी लाटणं घेतलं असतं, एवढं नक्की.

लोकांनी लिहिलेल्या तक्रारीही वाचल्या. शेकड्यांनी आहेत. कुणाचा डावा कान अपडेटनंतर कायमचा गेला, कुणाचे बड आपोआप शेजाऱ्याच्या टीव्हीला जोडले जातात, कुणाचा अपडेट अर्ध्यात अडकून वस्तूचा दगड झाला. एकानं हातोड्यानं ठेचून फोटो टाकलाय, त्याला सगळ्यात जास्त लोकांनी शाबासकी दिली आहे. पण विशू, या सगळ्यांनी राग वस्तूवर काढला, दुकानदाराच्या तोंडावर नाही.

डबीवरचा नंबर माझ्या बिलावर होता, तो घालून रीतसर मेल केला आहे. उत्तर आलं की कळवते. सही करायला मी येईन. तू माझा भाऊ आहेस. फक्त तिथं नीट राहा.

अनुपमा


येरवडा
६ फेब्रुवारी २०२६

ताई,

हे पत्र सुटणाऱ्या एका माणसाच्या हाती पाठवतोय, म्हणून मोकळं लिहितो. टपालाची पत्रं इथं उघडून वाचतात.

ज्ञानूकाकाच्या पुतण्यांनी केलं ते केलं. काहील नवी घालता येईल. पण आप्पांच्या कानाला हात लावणारा कोण होता त्याचं नाव मला पाहिजे. ते मी लक्षात ठेवीन.

इथं परवा एकानं माझी चादर ओढली. मी त्याचं डोकं भिंतीवर दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटायच्या आत सोडवलं, नाहीतर माझ्यावर अजून एक कलम लागलं असतं. तू म्हणतेस नीट राहा. नीट राहणाऱ्याची चादर जाते, ताई.

रोहिदासचा जबडा तारेनं बांधलाय, तो अजून बोलू शकत नाही, जबाबही झालेला नाही, असं वकील सांगत होते. बरंच झालं. बोलायला लागला की म्हणेल मी काही केलंच नाही. पण मी बाहेर आल्यावर तो फार दिवस बोलणार नाही. अर्धं राहिलेलं काम मला आवडत नाही. ज्ञानूकाकाचा हात त्याच्याकडून वसूल करायचाय आणि मी तो करणार. हे मी तुला उगीच धमकी म्हणून लिहीत नाही, तू घरची आहेस म्हणून सांगतो.

कंपनीचं लेखी लवकर मिळव. आठ जानेवारी ही तारीख त्यात पाहिजे.

विशू


शिरूर
२१ फेब्रुवारी २०२६

विशू,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घातलं. यांनाही दाखवलं नाही. पंधरा दिवस तुला उत्तर लिहायला बसले नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. आता कळलंय.

कंपनीचा मेल आला. चार ओळींचा आहे, तशाच उतरवते. या नंबरच्या संचावर शेवटचा अपडेट २२ ऑक्टोबरला दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाला. तो सदुसष्ट टक्क्यांवर असताना संच बाजूला केला गेला. अपडेट अपूर्ण राहिला. त्यानंतर हा संच कोणत्याही फोनला जोडला गेलेला नाही.

आठ जानेवारी त्यात कुठंच नाही. बावीस ऑक्टोबरला पाडवा होता. दुसऱ्या दिवशी मी भाऊबीजेला आले तेव्हा आप्पांच्या भुवईवर पट्टी होती. मोरीत घसरले, असं तू सांगितलंस. करिश्मा घरात नव्हती. तिच्या आईला बरं नाही, असं तू सांगितलंस. मी ओवाळलं आणि जेवून परत आले. काही विचारलं नाही, हे आता मला बोचतंय.

मेल घेऊन मी रोहिदासच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं दारातच मला खूप बोलून घेतलं, मी ऐकून घेतलं. आत तो खुर्चीत बसला होता, नळीनं पातळ पेज घेत होता. डावा डोळा गेलाय, विशू. कायमचा. मी मेल पुढं धरून विचारलं की सात तारखेला आप्पा कशाला आले होते? त्यानं मेल वाचला आणि माझ्याच कागदावर लिहिलं: "मी त्यांना शब्द दिलाय. त्यांनाच विचारा."

घरी येऊन तो कागद मी आप्पांपुढं ठेवला. या वेळी त्यांनी घडी करून परत दिला नाही. पेन मागितलं. दोन दिवस लिहीत होते. त्यांचं पत्र सोबत आहे. मी त्यातला एक शब्द बदललेला नाही.

अनुपमा


शिरूर, ता. २०-२-२६

चि. विश्वजीत यास सोपानराव यांचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. तरी हे माझ्याच हाताचं असलं पाहिजे म्हणून लिहितो.

पाडव्याला जेवणं झाल्यावर तू माझा फोन घेऊन बसलास. दोन्ही बटणं डबीत ठेवा, झाकण उघडं ठेवा, हलवू नका, असं त्यात होतं. तू तीनदा केलंस, तिन्ही वेळा अडकलं. चौथ्यांदा सदुसष्टवर येऊन थांबलं. तू फोनला शिव्या देऊ लागलास. मी एवढंच म्हणालो की राहू दे, विशू. तू डबी उचलून माझ्यावर फेकलीस. चार टाके पडले. करिश्मा मध्ये आली, तिला ढकललीस. ती उंबऱ्यावर आपटली आणि तशीच पिशवी घेऊन भांडगावला गेली. तिनं बरं केलं.

संध्याकाळी बटणं माझ्या कानात घालून तू विचारलंस, ऐकू येतंय का. मला आवाज आला नाही, तुझे ओठ दिसले. मी मान हलवली. तू हसलास आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस. नाही म्हटलं असतं तर तू परत फोन हातात घेतला असतास. नाहीतर दुकानात जाऊन कुणाचं तरी डोकं फोडलं असतंस. मागं टीव्ही बिघडला तेव्हा दुरुस्तीवाल्याची गत काय केलीस ते मी पाहिलं आहे.

अडीच महिने मी ती मेलेली बटणं कानात घालून स्टार्टरपाशी बसलो. रोज सकाळी घालायचो, रात्री डबीत ठेवायचो. ज्ञानू बघायचा आणि त्याला वाटायचं, आप्पा ऐकतायत. ती काढली असती तर त्यानं खुर्चीवर दुसरा माणूस मागितला असता, मग तू विचारलं असतंस की का काढली. ज्ञानूच्या हाकेपेक्षा मला तुझी भीती मोठी वाटली. गावात लाज वाटते हेही होतं, ते मी लपवत नाही.

जानेवारीत मला राहवेना. तुला न सांगता केडगावला जाऊन रोहिदासला बटणं दाखवली. त्यानं एक दिवस ठेवून घेतली. त्यानं अपडेट काही केला नाही. दोन्ही कायमची गेली आहेत, दवाखान्यात जाऊन खरं मशीन घ्या, असं मला कागदावर लिहून दिलं. पैसे घेतले नाहीत. मी हात जोडले की विश्वजीतला यातलं सांगू नका. त्यानं मान डोलावली. तू मारत असताना सांगून टाकायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. सांगत असेल तर तू ऐकलं नाहीस.

ज्ञानूचा हात माझ्या हातून गेला. तो मी तुझ्या भीतीनं घालवला, हे लिहून ठेवतो. पोलिसांना हेच सांगणार आहे. रोहिदासच्या वाटेला जाऊ नकोस. त्याचं काही चुकलेलं नाही.

सोपानराव


येरवडा
२८ फेब्रुवारी २०२६

ताई,

दोन्ही पत्रं वाचली. म्हणजे शेवटी सगळं माझ्याच डोक्यावर आलं. छान.

डबी मी फेकली नव्हती, हातातून सुटली. करिश्माला मी बाजूला केलं, ती पडली. मी आप्पांना कधी मारलं? कधी एक तरी दिवस हात उगारला? त्यांना ऐकू यावं म्हणूनच तर चार वेळा तो अपडेट घेऊन बसलो होतो. दुसरा कोण बसला होता? त्यांनी एक शब्द बोलायचा होता, चालत नाही म्हणून. एक शब्द. तेवढा बोलले असते तर ज्ञानूकाकाचा हात राहिला असता, रोहिदासचा डोळा राहिला असता आणि मी घरी असतो. माझ्या हातून भल्या माणसाला मार खायला लावला तो त्यांनी, आणि आता मला शहाणपण शिकवतायत.

रोहिदासचं सोड, त्याच्याशी आता माझं काही नाही. तू निर्धास्त राहा.

आप्पांना म्हणावं, पोलिसांकडं जाऊ नका. मी येईपर्यंत थांबा. घरातलं घरात बसून बोलू, मला त्यांच्याशी समोरासमोर बोलायचंय. बारा तारखेला अकरा वाजता कोर्टात ये. आधार कार्ड आणि फोटो विसरू नकोस. उशीर करू नकोस.

विशू


शिरूर
९ मार्च २०२६

विशू,

आप्पांनी परवा पोलिसांना जबाब दिला. मी सोबत होते. पाऊण तास ते बोलत होते, लिहिणारा हवालदार दोनदा थांबला. त्यांच्यावर निष्काळजीपणाची केस होईल. ती व्हावी असंच त्यांचं म्हणणं आहे. तिथून आम्ही ज्ञानूकाकाच्या घरी गेलो. आप्पांनी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानं त्यांना उठवलं नाही आणि ढकललंही नाही. त्याचे पुतणे दारात उभे होते, त्यांनी आम्हाला वाट दिली.

तुझं पत्र मी आप्पांना दाखवणार नव्हते. पण त्यांनी मागून घेतलं आणि वाचलं. डबी हातातून सुटली, ही ओळ त्यांनी दोनदा वाचली.

तू म्हणतोस रोहिदासचं सोड, निर्धास्त राहा. तुझ्या जिभेवरून एक माणूस उतरला आणि त्याच्या जागी आप्पा बसले, एवढंच मला दिसलं. लहानपणी तू मारायचास तेव्हा मी मध्ये पडायचे आणि आईला सांगायचे की खेळताना लागलं. भाऊबीजेला पट्टी बघून मी तेच केलं. त्याची किंमत ज्ञानूकाकानं आणि रोहिदासनं मोजली. आता मी तसं करणार नाही.

गेल्या आठवड्यात आप्पांना पुण्याला नेऊन कानाचं खरं मशीन बसवून आणलं. खाकी रंगाचं आहे, लांबून दिसतं. लाज वाटते का म्हणून विचारलं तर म्हणाले, कसली लाज आता. पंखा ऐकू येतो, कुकरची शिट्टी येते, खाली भाजीवाला ओरडतो ते येतं.

काल दुपारी ते जेवायला बसले होते. गल्लीत एक मोटारसायकल आली, तुझ्या गाडीसारखीच फाटक्या आवाजाची. माझ्या आधी त्यांना ऐकू आली. ते भरल्या ताटावरून उठले, दाराला आतून कडी लावली आणि दाराला पाठ देऊन उभे राहिले. हाताला भात तसाच होता. मी कागद शोधायला लागले, मग आठवलं की आता लिहायची गरज नाही. मी म्हटलं, आप्पा, तो येरवड्यात आहे, ही गाडी दुसऱ्या कुणाची तरी आहे.

ते म्हणाले, "व्हय, म्हाईत हाय. पन कवा येनार हाय त्यो?"

मी काल सकाळीच वकिलांना फोन करून सांगितलं होतं. बारा तारखेला मी कोर्टात येणार नाही. मी सही करणार नाही, हेही करणार नाहीत, आणि माझ्याकडून दुसरा जामीनदारही शोधला जाणार नाही. हे तुला वकिलाकडून कळण्याऐवजी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. मला हे लिहिताना खूप वाईट वाटतंय, विशू. तरी लिहितेय.

आप्पांना मी तेच सांगितलं. म्हटलं, "एवढ्यात न्हाई येत." मग त्यांनी कडी तशीच ठेवली आणि येऊन ताटावर बसले.

अनुपमा